हरेश्वरचं तळं

हरेश्वर रांगोळीला बसला की शाळेच्या सभागृहातले सगळे पंखे बंद व्हायचे. दिवाळीच्या तोंडावरचा उकाडा, भातकापणीचे दिवस, खाडीवरून येणारी दमट हवा; पण पंखा लावायची कुणाची छाती नव्हती. कपाळाला पंचा घट्ट बांधून, घामाचा थेंब खाली पडू नये म्हणून मान जरा तिरकी धरून तो पाटावर उकिडवा बसायचा आणि चिमटीतून रंग सोडायचा. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस काही टाकतच नाहीये. चिमूट नुसती हवेत फिरतेय आणि जमिनीतूनच कुणाचा तरी गाल वर येतोय, कुणाची तरी भुवई उमटतेय.

जूचंद्रला हे वेड जुनंच. इतरांची दिवाळी फराळाची नि फटाक्यांची, या गावाची जमिनीवर मांडलेली. सभागृहात दोऱ्या बांधून चौकोन आखायचे, एकेकाने एकेक चौकोन घ्यायचा. मग लांबलांबून माणसं यायची, दोरीपाशी वाकायची आणि म्हणायची, "अहो, हा तर फोटोच!" कलाकार तोंडाने "छे हो" म्हणायचा आणि मनातून दिवसभर तेवढ्यावर जगायचा.

हरेश्वरचं उभं आयुष्य दुसऱ्यांची नावं रंगवण्यात गेलं होतं. घर भातशेतीवाल्या आगऱ्याचं. पण त्याचा हात नांगरावर कधी बसला नाही. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागचे शेर, लग्नघराच्या दारावरचे गणपती, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्याने रंगवलं. पुढे फ्लेक्स आले आणि ब्रश वाळून काड्या झाले. त्याने त्याचं फार दुःख केलं नाही. मुलगा दीपेश नोकरीला लागला होता, बायको शकूच्या हाताला चव होती आणि वर्षातून एकदा मिळणारा तो चौकोन त्याला पुरत होता.

त्या चौकोनात दरवर्षी एकच चेहरा उतरायचा. तुळशीदास मास्तर. बाकी सगळी वसई त्यांना 'भाऊ' म्हणायची. हरेश्वरच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत मास्तरच.

मास्तर मूळचे निर्मळ गावचे, वाडीवाले. तरुणपणी जूचंद्रच्या शाळेत शिकवायला यायचे ते सायकलवरून. कॅरियरला वाडीतल्या केळ्यांचा घड बांधलेला असायचा. शाळेपर्यंत पोचेतो निम्मा रिकामा झालेला, कारण वाटेत जो पोरगा भेटेल त्याच्या हातावर केळं. हरेश्वर तेव्हा अभ्यासात ढ आणि हाताने चोर. कुणाच्या उंबऱ्यावरची रांगोळी उचलायचा आणि शाळेच्या ओसरीवर चित्रं काढत बसायचा. एकदा त्याने आपल्या घरचा पांढरा बैल काढला. शाळा सुटल्याची घंटा झाली, पोरं दारातून उधळली आणि मास्तर दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले.

"ए, बाजूने जा रे! बैल आहे, मारील!"

पोरं हसली, पण गेली बाजूनेच. त्या दिवशी हरेश्वरला पहिल्यांदा कळलं की आपण जे करतो त्याला काहीतरी म्हणतात.

आणि तळं. त्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गावाच्या खाडीकडच्या अंगाला, भातखाचरांच्या पलीकडे एक तळं होतं. काळ्या दगडाच्या पायऱ्या, पाण्यावर पांढरी कमळं, काठाला रानभेंडीची उंच झाडं, आणि दुपारी तिथे अशी शांतता की पाणी श्वास घेतंय असं वाटावं. शाळा सुटली की मास्तर पोरांना तिथे न्यायचे, सदरा काढून झाडावर टाकायचे आणि कमरेइतक्या पाण्यात उभे राहून एकेकाच्या पोटाखाली हात धरायचे. "हात मार, पाय मार, मी सोडलेलं नाही," असं म्हणत सोडून द्यायचे. पोर दहा हात पुढे गेलं की त्याला कळायचं, आपण एकटेच पोहतोय. अर्धं जूचंद्र पोहायला शिकलं ते त्या लबाडीवर.

मग मास्तरांनी शाळा सोडली आणि राजकारणात गेले. भाऊ झाले. गावात नळ आणला तो त्यांनी. दवाखाना आणला तो त्यांनी. शाळेचं हे सभागृहही त्यांच्याच काळातलं, दाराशी संगमरवरावर त्यांचं नाव. आणि त्याच काळात कधीतरी, कुणाला नीटसं कळलंही नाही असं, तळं गेलं. आधी एका कडेला भराव पडला. मग पत्रे उभे राहिले. पत्रे निघाले तेव्हा आत इमारती होत्या. त्यांचं नाव ठेवलं होतं 'लेक व्ह्यू'.

"तळं गेलं, व्ह्यू राहिला," असं शकू म्हणायची आणि भाकरी तव्यावर जरा जास्तच जोरात टाकायची.

लोक कुजबुजत होते, पण कुजबुजण्यावर गाव चालत नाही. गेल्या दिवाळीनंतर मात्र कुजबूज टीव्हीवर आली. तळ्याची जागा आराखड्यातून कशी पुसली गेली, सही कुणाची, भाऊंच्या नातलगांच्या नावे त्या इमारतींत किती घरं, यावर चर्चा झडू लागल्या. चौकशी बसली. ज्या नाक्यावर भाऊंचे वाढदिवस साजरे व्हायचे, तिथेच त्यांच्या नावाने बोटं मोडली जाऊ लागली. सभागृहाच्या दारावरच्या संगमरवरावर कुणीतरी डांबर फासलं.

हरेश्वर चर्चा ऐकायचा नाही. टीव्ही लागला की उठून ओटीवर जाऊन रंग चाळत बसायचा. त्याला एकाच गोष्टीची धास्ती होती, आणि ती त्याने शकूलाही सांगितली नव्हती. आपण इतकी वर्षं एकच चेहरा काढला. तो खोटा असला, तर आपल्या हाताने खरं असं काय काढलं?

दसरा झाला आणि रांगोळी मंडळाची बैठक बसली. मंडळाचा सेक्रेटरी मितेश हा नव्या दमाचा, जमिनीच्या दलालीत बरं चाललेला, पण रांगोळीवर जीव असलेला.

"काका, चौकोन तुमचाच आहे, स्टेजसमोरचा," तो म्हणाला. "फक्त या वर्षी भाऊ नको."

"का रं?"

"काका, कमॉन. तुम्हाला माहितीये का ते. लोक चिडलेत. भिंतीवरचं पोस्टर असतं तर फाडलं असतं. हे तर जमिनीवर आहे. एकाने पाय दिला की खेळ खल्लास."

मागून कुणीतरी म्हणालं, "काकांना ऑर्डर असंल वरनं!" आणि बैठक हसली. हरेश्वरही हसला, "नाय काढत," म्हणाला. पण 'पाय' हा शब्द घरापर्यंत त्याच्याबरोबर चालत आला.

घरी येऊन शकूला बैठकीचं सांगतो न सांगतो तोच फोन वाजला. पलीकडचा आवाज त्याने ओळखला, पण तो इतका बारीक झाला असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"हऱ्या, यंदा काढतोस ना रे मला?"

आता यावर कुणी काय म्हणावं? त्याच्याकडे मास्तरांनी आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, ती हीच.

"काढतो ना, मास्तर," तो म्हणाला.

फोन ठेवला तर समोर शकू, कमरेवर हात ठेवून उभी.

"मितेशला काय बोललाव? नाय काढत. मास्तरांना काय बोललाव? काढतो. आवो, रांगोळीला बसताव का कोर्टात?"

"तू काय केलं असतंस?"

शकू खाली बसली. पदराने उगाच पाय पुसत राहिली. "तेनी नळाचं पानी आनलं, हे खरं. माज्या डोक्यावरचा हंडा तेनी उतरवला, ते मी मरपर्यंत इसरनार नाय. नि तळ्याचं पानी नेलं, ह्ये पन खरं. लगीन होऊन आले ना, तवा मना या गावात कोनीच आपलं नव्हतं. त्या तळ्यावर कपडे धुवाय बसले की बरं वाटायचं. तेवढंच." ती उठली. "तुमी काढा काय काढायचं तं. मी त्येच्यावर पाय नाय देनार नि हारबी नाय घालनार."

दुसऱ्या दिवशी सकाळी हरेश्वर चालत चालत 'लेक व्ह्यू'ला गेला. का गेला ते त्याला सांगता आलं नसतं. फाटकाशी वॉचमनने अडवलं.

"किधर जाना है, अंकल? किससे मिलना है?"

हरेश्वरने फाटकातून आत पाहिलं. "इधर एक तालाब था," तो म्हणाला.

वॉचमन हसला. माणूस भला होता, दूरच्या गावाहून आलेला, सकाळचा वेळ त्यालाही जात नव्हता. "तालाब तो अभी भी है, अंकल. आओ, दिखाता हूँ."

तो त्याला तळघरातल्या पार्किंगमध्ये घेऊन गेला. खाली अंधुक उजेड, रांगेत झोपलेल्या गाड्या, आणि कोपऱ्यात एक पंप गुरगुरत होता. भिंतीच्या बुडातून पाणी झिरपत होतं आणि फरशीवरून, कुणालाही न सांगता, पंपाकडे चाललं होतं. भिंतीला शेवाळ धरलं होतं. वास! हरेश्वर तिथेच खिळला. कमळाच्या देठाचा, चिखलाचा, ओल्या दगडाचा तोच वास. त्याला वाटलं, आत्ता कुणीतरी पाण्यात उडी मारेल आणि सगळ्या गाड्यांवर शिंतोडे उडतील.

"पानी आता ही रहता है," वॉचमन म्हणाला. "सोसायटीवाले परेशान हैं. पंप बंद किया ना अंकल, तो फिर से तालाब हो जाएगा."

हरेश्वर वर आला तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. पण त्याच्या अंगावर काटा होता, पोहून आलेल्या माणसाच्या असतो तसा. काय काढायचं ते त्याला कळलं होतं.

या खेपेला त्याने फोटो समोर ठेवला नाही. दरवर्षी मास्तरांचा एक फोटो चौकोनाच्या कडेला टेकवलेला असायचा, फेटा बांधलेला, हात जोडलेला. यंदा काहीच नव्हतं. मितेश येऊन बघून गेला. जमिनीवर नुसता निळसर काळोख पसरलेला. "काका, नक्की काय आहे हे?" "पानी," एवढंच उत्तर मिळालं. आता रांगोळीत पाणी काढणं म्हणजे हवा काढण्यासारखं. चेहऱ्याला नाक असतं, कान असतो, धरायला काहीतरी असतं. पाण्याला काय? निळ्यात हिरवा, हिरव्यात काळा, त्यावर आभाळाचा एक फिकट तुकडा, आणि हे सगळं कोरड्या भुकटीने ओलं दिसायला हवं. हरेश्वर बसून राहायचा, नुसता बघत, तासन्‌तास. मग एक चिमूट. मग पुन्हा बसणं. शकू डबा घेऊन यायची, दोरीबाहेर उभी राहायची आणि काही न बोलता जायची. एक दिवस मात्र बोलली. "तिसरी पायरी फुटलेली व्हती. डावीकडं." हरेश्वरने मान हलवली आणि पायरी फोडली.

धनत्रयोदशीला दारं उघडली तेव्हा स्टेजसमोरच्या चौकोनात तळं होतं. काळ्या पायऱ्या थेट बघणाऱ्याच्या पायापासून पाण्यात उतरत होत्या. शेवटची पायरी पाण्याखाली, थरथरती. कमळं. भेंडीच्या झाडावर टाकलेला पांढरा सदरा. आणि मधोमध, कमरेइतक्या पाण्यात, उघड्या अंगाचा एक तरुण माणूस मोठ्याने हसत होता. त्याचे दोन्ही हात पाण्याखाली होते, कुणाला तरी धरल्यासारखे. धरलेलं पोर मात्र चित्रात नव्हतं. ते पुढे पोहून गेलं असावं.

इमारतीत राहणारी नवी माणसं येऊन बघत आणि म्हणत, "केरळा वाटतंय." एका बाईने विचारलं, "ओ काका, हे रिसॉर्ट कुठेशी आहे?" जुनी माणसं मात्र दोरीपाशी यायची आणि वाकायची. मग एकेकाचं तोंड उघडायचं. "हितं म्हशी बसायच्या." "हितं माझ्या भावाचं डोकं फुटलेलं." तरुण माणूस कोण, हे ज्याला कळलं त्याला कळलं. कुणी म्हणालं, हरेश्वरने भाऊंना डोक्यावर घेतलं. कुणी म्हणालं, हरेश्वरने भाऊंची बिनपाण्याने केली. मितेशने चित्राभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "काका, तुम्ही लय डेंजर आहात."

पाडव्याच्या दिवशी, सकाळीच, मास्तर आले. ते येतील असं कुणी धरलं नव्हतं. त्यांची नात गाडी घेऊन आली होती, तिचं नाव पूर्वी; तिच्या खांद्यावर हात ठेवून ते पायऱ्या चढले. एके काळी मास्तर जत्रेत आले की वाट आपोआप फाकायची, पुढे हात जोडलेले, मागे घोषणा. आजही वाट फाकली. पण ती अंग चोरल्यासारखी. कुणी नमस्कार केला, तो अर्धवट. मागून एकजण म्हणालाच, "बघा बघा, सातबारा तपासायला आले!" हशा पिकला. मास्तरांनी तिकडे पाहिलं आणि तेही हसले. ती जुनी सवय, आयुष्यभराची. गर्दी हसली की हसायचं.

हरेश्वर पुढे झाला, वाकून पाया पडला.

"कुठे रे मी?" मास्तरांनी विचारलं. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचा नुकताच काढलेला. "नीट दिसत नाही मला लांबून."

आणि इथे हरेश्वरने ती गोष्ट केली जी कुठलाही रांगोळीवाला कधी करत नाही. त्याने दोरी सोडली. "या, मास्तर. जवळून बघा."

मास्तर चित्राच्या अगदी कडेशी येऊन उभे राहिले. वाकले. सभागृहात माणसांची कुजबूज होती ती हळूहळू विरली. कुणालाही सांगता आलं नसतं किती वेळ गेला. अशा वेळी घड्याळ पुढे जात नाही, ते विंगेत जाऊन उभं राहतं. मास्तरांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल पडत गेलं. पायांतल्या वहाणा त्यांनी एकेक करून मागे सारल्या. दोन्ही हातांनी पांढऱ्या लेंग्याचे काठ धरले, पोटऱ्यांपर्यंत वर ओढले. आणि अगदी सावकाश, पायरीचा अंदाज घेत उतरावं तसं, त्यांनी उजवा पाय पाण्यात टाकला.

भुकटी उडाली. पाऊल शेवटच्या पायरीवरून घसरत पाण्याच्या निळ्यात गेलं, एक लांब फराटा उठला. मास्तरांचा तोल गेला आणि पूर्वी ओरडली, "आबा!"

मग जे झालं ते एकदमच झालं. "पुसलं! भाऊंनी पुसलं!" "एकदा बुजवून पोट नाय भरलं!" मोबाईल आधीपासून वर धरलेलेच होते. मितेशने दोन ढांगांत येऊन मास्तरांना मागे खेचलं, तेही जरा जोरातच. मास्तर भांबावून आपल्या पायाकडे बघत होते. निळ्या पायाकडे. त्यांना कळत नव्हतं तो ओला का नाही.

हरेश्वरने त्यांचा हात धरला आणि गर्दीतून बाहेर, शाळेच्या ओसरीवर नेलं. बाकावर बसवलं. ओसरीच्या फरशीवर एकाच पायाचे निळे ठसे उठले होते. पूर्वी पाण्याची बाटली घेऊन पाय धुवायला वाकली.

"राहू दे," मास्तर म्हणाले.

आत गलका चाललाच होता. बाहेर मैदानावर ऊन पडलं होतं, कुणीतरी फटाक्याची एकच माळ लावून दिली, ती वाजली आणि थांबली.

"मास्तर," हरेश्वर म्हणाला, "एक विचारू?"

"विचार. सगळेच विचारतायत. तूच तेवढा राहिला होतास."

"तळं तुम्ही दिलंत?"

मास्तरांनी लगेच उत्तर दिलं. त्या झटपट उत्तराचंच हरेश्वरला आश्चर्य वाटलं. "दिलं."

"पैसे घेऊन?"

"लोक म्हणतात तेवढे नाही. पण घेतले नाहीत असंही नाही." त्यांनी निळा पाय उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला आणि तळव्याकडे बघत बोलत राहिले. "आधी मी स्वतःला सांगायचो, माणसांसाठी घेतले. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या पोरीचं लग्न. खरंही होतं ते. सगळ्यांना ठाऊक आहे. आता वाटतं, खरं असलं म्हणून काय झालं?"

हरेश्वरने फरशीवरच्या निळ्या ठशांकडे पाहिलं.

"त्याहून वाईट सांगू? कागद समोर आला तेव्हा त्यावर तळं नव्हतं रे. नुसता एक नंबर होता. मी नंबरावर सही केली. आपण जिथे पोहायचो ते हेच, असं मनातसुद्धा आलं नाही. शपथेवर. आज तिथे पायरी दिसली आणि..." ते थांबले. "थंड असायचं नाही का रे पाणी? ऊन असलं तरी?"

"पायाला थंड. वर कोमट."

"हां. वर कोमट."

हरेश्वरच्या मनातली ती जुनी धास्ती आली आणि त्याच्या शेजारी बाकावर बसली, आणि त्याने तिच्याकडे नीट बघितलं. चेहरा खोटा नव्हता. हातही खोटा नव्हता. इतकी वर्षं काढला तो अर्धा होता, एवढंच. आणि उरलेला अर्धा आत्ता इथे, उन्हाच्या कडेला, मास्तरांनी स्वतः सांगितला होता. राग यायला हवा होता. आला तो तळ्याच्या नावाने आला, हुंदक्यासारखा, आणि तरीही मास्तरांचा हात त्याने सोडला नाही. माणसाला दोन्ही जमतं. कसं जमतं ते विचारू नये.

"चौकशीवाल्यांना हे सांगाल?" त्याने विचारलं.

मास्तरांनी मागे पूर्वीकडे पाहिलं. "आधी हिला सांगायचं आहे. हिला मी वेगळं सांगत आलोय."

"ऐकलं मी, आबा," पूर्वी म्हणाली. ती खांबाला टेकून उभी होती, बाटली हातातच. तिच्या आवाजात रडू नव्हतं, माफीही नव्हती. "चला घरी. वाटेत सगळं पहिल्यापासून सांगा."

मास्तर उठले. हरेश्वरच्या खांद्याचा आधार घेतला. "आत विचारतील तुला. विचारलं तर सांग. माझ्यासाठी खोटं बोलू नको."

गाडी गेली. हरेश्वर आत आला. मितेश मोबाईल घेऊन धावतच पुढे. "काका, व्हिडिओ सगळीकडे गेला! बघा, 'भाऊंनी तळं दुसऱ्यांदा पुसलं'! तुम्ही फक्त दोन शब्द बोला, आपण टाकतो."

"परत लाव," हरेश्वर म्हणाला.

व्हिडिओ लागला. भोवती माणसं दाटली, शकूही त्यांत होती.

"पायाकडं नको बगू. हात बग. हातात काय हाय?"

"लेंगा."

"वर कशाला धरलाय?"

मागून एका जुन्या बाईनेच उत्तर दिलं, "भिजंल म्हनून."

"पुसाय येनारा लेंगा वर नाय धरत," हरेश्वर म्हणाला.

"लेंगा धरला म्हणून तळं परत येणार का, काका?" एक तरुण तावातावाने म्हणाला. त्याचं चूक नव्हतं.

"नाय येनार. तळं त्यांनी दिलं. मना आत्ता बोलले सोताच्या तोंडानं. पैसं पन घेतलं." त्याने त्या तरुणाकडे पाहिलं. "त्ये तुमी विचारा, धरून ठेवा, सोडू नका. पन आज जो पाय पडला तो पुसाय नाय पडला. सांगायचं तं दोनी सांग, मितेश. येकच सांगनार असशील तं काय नको सांगू."

मितेशने मोबाईल खिशात ठेवला. त्याने पुढे काय टाकलं, काय नाही, हे हरेश्वरने कधी पाहिलं नाही.

"बरं, हे तरी नीट करा आता," मितेश चित्राकडे हात करून म्हणाला. "दुपारी गर्दी होईल. पाय बुजवून टाका."

हरेश्वरने सोडलेली दोरी पुन्हा बांधली आणि पाटावर बसला. समोर पाण्यात मास्तरांचं पाऊल होतं, टाच खोल, बोटं फाकलेली, पुढे फराटा. निळा रंग डब्यात होता. चार चिमटी टाकल्या असत्या की पाऊल गेलं असतं, पाणी होतं तसं झालं असतं आणि दुपारी येणाऱ्याला काही झालं होतं हे कळलंही नसतं. या गावात तसं एकदा होऊन गेलं होतं.

त्याने निळा डबा बाजूला सारला आणि पांढरा घेतला.

शकू दोरीपाशी आली. "काय करताव?"

श्वास रोखून त्याने पावलाभोवती पांढऱ्याची एक बारीक कडी सोडली, केसाएवढी. तिच्या बाहेर दुसरी, जरा मोठी. मग आणखी एक. पाण्यात कुणी उतरलं की उठतात तशा लाटा. फराट्याचं त्याने पायरीवरून ओघळणारं पाणी केलं. पाऊल तसंच ठेवलं. कड्या मोठ्या होत गेल्या, कमळांच्या पानांखालून गेल्या, आत उभ्या असलेल्या त्या तरुणाच्या कमरेला जाऊन लागल्या. तो हसतच होता, पण आता त्याच्याकडे काहीतरी येत होतं.

लोक परत दोरीशी जमू लागले होते. या लाटा कुठे थांबवायच्या ते हरेश्वरला कळेना, म्हणून त्याने त्या चौकोनाच्या काठापर्यंत, दोरीच्या खालून, उभ्या माणसांच्या पायांपर्यंत जाऊ दिल्या.